जळण्यासाठीच घडवलेली तार : मोटारीचा फ्यूज आणि वाशिमचा रस्ता

मोटारीतला एखादा भाग जळाला, की गाडी बिघडली असे म्हणतात. एकच भाग असा आहे की तो जळाला, तर त्याने आपले काम चोख बजावले असे म्हणावे लागते. तो भाग म्हणजे फ्यूज. पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘वितळतार’ हे नेमके नाव दिले. गॅरेजात मात्र ते कोणी उच्चारत नाही. तिथे फ्यूज ‘उडतो’, आणि संतापलेल्या माणसाच्या डोक्याचाही उडतो.

या बोटभर वस्तूचा इतिहास सांगायला वाशिम जिल्हा निवडण्याचे कारण आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यातील सुमारे ९७ किलोमीटर रस्ता कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांच्या बाजूने वाशिम जिल्ह्यातून जातो. ज्या जिल्ह्यात कालपर्यंत बैलगाडी, ट्रॅक्टर आणि जीप एकाच अरुंद डांबरी रस्त्यावर एकमेकांना वाट देत होत्या, तिथे मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. गाडीच्या पोटातील वायरींकडे दुर्लक्ष करण्याची किंमत त्या दिवसापासून वाढली.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोला जिल्ह्यात मिसळला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. त्याच्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-३७ दिसू लागले, ते त्यानंतर.

परंतु वितळणाऱ्या धातूने माणसाचे रक्षण करावे ही कल्पना मोटारीपेक्षा, किंबहुना व्यवहारातल्या विजेपेक्षाही जुनी आहे. तिचा उगम वाफेच्या युगात सापडतो.

१८०३ साली लंडनजवळ ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या कॉर्निश अभियंत्याच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. देखरेखीवरचा मुलगा जागेवर नव्हता. चार माणसे मेली. ट्रेव्हिथिकचे प्रतिस्पर्धी अशा संधीची वाटच पाहत होते. उच्च दाबाची वाफ हीच मुळी घातक, असा प्रचार सुरू झाला. ट्रेव्हिथिकने उत्तर दिले ते यंत्रातून. त्याने बॉयलरमध्ये पाण्याच्या किमान सुरक्षित पातळीच्या जरा खाली शिशाचा एक डाट बसवला. पाण्याची पातळी घसरली, की डाट उघडा पडून तापायचा, वितळायचा आणि वाफ आपोआप बाहेर सुटायची. देखरेखीचा माणूस झोपला, दारू प्यायला अथवा निघून गेला, तरी शिसे झोपत नाही!

हे तत्त्व वऱ्हाडात मोटारीच्या आधी आले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला जगाच्या बाजारात भाव आला, आणि कारंज्यासारख्या पेठांत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे वाफेवर चालणारे कारखाने उभे राहिले. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंदमापी रेल्वे, म्हणजे लोकांची लाडकी शकुंतला, विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याच कापसासाठी धावू लागली. तिचे मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबत होते. त्या काळच्या ब्रिटिश बांधणीच्या वाफेच्या इंजिनांत भट्टीच्या माथ्यावर असा वितळणारा डाट बसवण्याची रीतच होती. डाट वितळला म्हणजे चालकाची नाचक्की, कारण त्याने पाण्याकडे लक्ष दिले नाही हे सर्वांना कळे. तथापि नाचक्की झाली तरी जीव वाचत असे.

विजेने हे तत्त्व उसने घेतले. १८४७ साली लुई ब्रेगे या फ्रेंच घड्याळजी-शास्त्रज्ञाने तारायंत्राच्या कचेऱ्या आकाशातील विजेपासून वाचवण्यासाठी सुचवले, की मुख्य तारेच्या मार्गात थोडा भाग मुद्दाम बारीक तारेचा ठेवावा. वीज कोसळली तर तो तुकडा जळेल, यंत्र आणि तारमास्तर बचावतील. पुढे एडिसनने घरगुती वीजपुरवठ्यासाठी फ्यूजचे पेटंट १८९० साली मिळवले. दरम्यानच्या काळात ज्यूलने दाखवून दिलेला नियम अभियंत्यांच्या हाताशी होताच. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. फ्यूजचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे आणि फ्यूजशी केलेल्या सगळ्या खेळांचा धोकाही.

मोटारीला मात्र आरंभी फ्यूजची गरज नव्हती, कारण तिच्यात म्हणावी अशी वीजच नव्हती. १८९८ च्या सुमारास मुंबईत पहिल्या मोटारी आल्या आणि जमशेटजी टाटा हे त्यांच्या आरंभीच्या मालकांपैकी एक होते. त्या पिढीतल्या गाड्यांचे दिवे तेलाचे किंवा कार्बाईडचे असत. कार्बाईडच्या खड्यांवर पाणी ठिबकायचे, वायू तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. ठिणगीसाठी पुढे मॅग्नेटो रूढ झाला. तो इंजिन फिरले तरच वीज देई. इंजिन थांबले, की गाडीतली वीज संपली. झोपलेल्या गाडीला आग लागण्याचे विजेशी संबंधित असे कारणच उरत नसे.

सुरक्षित मोटार चालवणे म्हणजे काय, याचा त्या काळातील पहिला धडा गाडीबाहेर उभे राहून शिकावा लागे. इंजिन सुरू करण्यासाठी समोरचे हँडल मारायचे असे. ठिणगीची वेळ मागे ओढून ठेवायची. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये त्यासाठी सुकाणूचक्राच्या डाव्या बाजूस दांडी होती. ती विसरली, तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून जाणते चालक शिकाऊ पोरांना सांगत, की अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, तो इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका आला, तर हात सुटतो आणि हाड वाचते. हाताची पकड मुद्दाम सैल, कच्ची ठेवायची. फ्यूज हीच गोष्ट धातूत करतो.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे दिवस मावळू लागले. त्या सोयीबरोबर प्रत्येक गाडीत बॅटरी आली. हा बदल वरवर पाहता लहान, पण आगीच्या इतिहासात फार मोठा आहे. मॅग्नेटो इंजिनाबरोबर झोपत असे. बॅटरी झोपत नाही. किल्ली काढून मालक घरी गेला, तरी तिच्यापासून निघालेल्या काही तारा रात्रभर जिवंत राहतात. फ्यूजला मोटारीत कायमचे घर मिळाले ते या जिवंत तारांमुळे.

स्वातंत्र्योत्तर भारतात मोटार म्हटले, की मुख्यतः दोन नावे समोर येत. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, आणि वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीची, मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. जिल्हाधिकाऱ्याची ॲम्बॅसेडर वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात आली, की पोरे तिच्याभोवती गोळा होत. ती गाडी मूळच्या ब्रिटिश ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ची भारतीय आवृत्ती. तिच्यासोबत बर्मिंगहॅमच्या लूकास कंपनीची विद्युतपद्धतीही आली. या लूकासला ब्रिटिश वाहनप्रेमी थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. कारण सांगायला नको.

त्या पद्धतीत सबंध गाडीसाठी काचेचे अवघे एक-दोन फ्यूज असत. हॉर्न, वायपर, ब्रेकचे दिवे अशी मंडळी त्यांच्या छत्राखाली. हेडलाइटच्या मार्गावर मात्र बहुधा फ्यूजच नसे! आज हे अजब वाटते, पण त्यामागे विचार होता. रात्री वळणावर एकाएकी दोन्ही दिवे गेले, तर गाडी खात्रीने खड्ड्यात; वायर तापण्याची शक्यता त्या मानाने दूरची. दोन संकटांपैकी दूरचे पत्करले गेले. पुढच्या अभियंत्यांनी डाव्या दिव्याला एक फ्यूज आणि उजव्याला दुसरा देऊन हा पेच सोडवला. एक उडाला, तरी दुसरा डोळा उघडा राहतो. उत्तर इतके सोपे, पण ते सर्वत्र रूढ व्हायला दशके लागली.

लूकासच्या फ्यूजने आणखी एक घोळ घातला, तो मात्र निव्वळ आकड्यांचा होता. काचेच्या नळीतल्या चिठ्ठीवर ‘३५ अँपिअर’ लिहिलेले असे. लूकासच्या हिशेबात हा तार वितळण्याचा आकडा. सतत वाहू द्यायचा प्रवाह त्याच्या निम्मा, सुमारे १७ अँपिअर. इतर अनेक उत्पादक मात्र सतत वाहणारा प्रवाहच आकड्यात लिहीत. साहजिकच ३५ पाहून दुसऱ्या कंपनीचा ३५ बसवणारा प्रामाणिक मिस्त्री, काहीही गैर न करता, गाडीचे संरक्षण निम्म्यावर आणत असे. अज्ञानापेक्षा अर्धवट जुळणारी माहिती अधिक घात करते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

अप्रामाणिक, किंवा खरे तर अगतिक, उपाय वेगळेच होते. रात्रीच्या वेळी आडरानात फ्यूज उडाला आणि सुटा फ्यूज जवळ नसला, की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा. तोही नसला, तर तांब्याच्या वायरीचा एक पदर लावायचा आणि ‘डायरेक्ट’ करायचे. फ्यूज डायरेक्ट केला, हा शब्दप्रयोग गॅरेजांत आजही जिवंत आहे.

या सवयीचे मूळ मोटारीत नाही, घराच्या भिंतीवर आहे. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार बांधणे हे त्या काळी घरातल्या कर्त्या माणसाचे कौशल्य मानले जाई. कुठली तार, किती जाडीची, हे कोण पाहतो? दिवा लागला, की तार बरोबर. तीच बोटे मग गाडीच्या फ्यूजपेटीकडे वळली. शिवाय मोटारीची वीज १२ व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही. म्हणून तिची भीती कुणाला वाटत नाही. इथे सामान्य समज सपशेल चुकतो. झटका व्होल्टेजवर अवलंबून असतो, पण तार तापवतो तो प्रवाह, आणि मोटारीची साधी बॅटरी शॉर्ट सर्किट झाल्यास शेकडो अँपिअर देऊ शकते. माणसाला न चावणारी ही वीज तांब्याची तार क्षणात लाल करते. तारेवरचे आवरण पेटते, त्याला लागून डॅशबोर्डचे प्लास्टिक, त्याखाली गालिचा.

युरोपीय गाड्यांत चिनी मातीच्या कांडीवर धातूची उघडी पट्टी असलेले टोकदार फ्यूज बरीच वर्षे चालले. पावसाळ्यात टोकांना गंज चढे आणि फ्यूज शाबूत असूनही दिवा लागत नसे. मग बोटाने फ्यूज जागच्या जागी फिरवायचा, की दिवा लखकन लागतो. त्या पिढीतले चालक हा चमत्कार सहज करून दाखवीत.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील लिटलफ्यूज कंपनीने प्लास्टिकच्या कवचातला दोन पात्यांचा फ्यूज आणला, आणि आज जगभरच्या मोटारींत त्याच घराण्याचे वंशज बसतात. त्यात रंगांची भाषा ठरली. तपकिरी साडेसात अँपिअरचा, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लालच्या जागी लाल बसवता यावा, ही त्यामागची दृष्टी. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मोटार मध्यमवर्गाच्या अंगणात पोहोचली. गाड्यांमधले फ्यूज एक-दोनांवरून पंधरा-वीसांवर आणि पुढे त्याहूनही वर गेले.

संख्या वाढली ती केवळ चैनीमुळे नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून चाके न अडकता ब्रेक लावणारी एबीएस यंत्रणा नव्या मोटारींना सक्तीची झाली, आणि १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग व वेगाचा इशारा. ताशी ८० किलोमीटर ओलांडले, की अधूनमधून टिकटिक आणि १२० ओलांडले, की अखंड आवाज. (समृद्धीची वेगमर्यादा आणि या अखंड आवाजाचा आकडा एकच आहे.) या सर्व यंत्रणा विजेवर चालतात आणि प्रत्येकीच्या वाटेवर कुठेतरी एक फ्यूज असतो. ॲम्बॅसेडरचा फ्यूज उडाला, तर हॉर्न गेला. आज एखादा फ्यूज उडाला, तर डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि ओल्या रस्त्यावरचे एक संरक्षण गेलेले असते. त्या दिव्यावर चिकटपट्टी लावणारे महाभागही आहेत.

समृद्धीवरील सर्वांत भीषण रात्र आठवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी प्रवासी बस वाशिम जिल्हा ओलांडून पुढे गेली आणि बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे दुभाजकावर आदळून उलटली, पेटली. २५ प्रवासी होरपळून मेले. वाशिम जिल्ह्याच्या स्थापनेला त्याच दिवशी २५ वर्षे पूर्ण होत होती. हा केवळ योगायोग. या आगीचा संबंध फ्यूजशी जोडणे मात्र चुकीचे ठरेल. ती धडकेनंतर भडकलेली आग होती. वितळणारी तार बेफाम प्रवाहाला अडवते. डुलकी, वेग आणि फुटलेली इंधनटाकी यांना ती अडवू शकत नाही. प्रत्येक रक्षकाची हद्द असते आणि ती हद्द न ओळखता त्याच्यावर विसंबणे हीसुद्धा एक प्रकारची छेडछाडच.

वाहनाला आग लागल्याची बातमी आली, की तिच्यात ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द हमखास असतो. शॉर्ट सर्किट झाले, हे कारण अर्धेच असते. योग्य फ्यूज शाबूत असता, तर शॉर्ट सर्किटचा शेवट एका लहानशा ‘टक्’ आवाजात झाला असता. खरा प्रश्न असा, की त्या तारेवर फ्यूज होता काय, आणि कितीचा?

वऱ्हाडातल्या रात्रीच्या रस्त्यांवर प्रखर दिव्यांचा सोस मोठा. कारखान्याने दिलेले ५५ वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे लावले, तर जोडीचा प्रवाह सुमारे ९ अँपिअरवरून १७ च्या घरात जातो. ज्यूलच्या नियमाने त्याच तारेतील उष्णता तिपटीहून अधिक होते. फ्यूज प्रामाणिकपणे उडतो. मालक चिडतो. मिस्त्री लाल काढून हिरवा लावतो. आता फ्यूज उडत नाही आणि मालक खूश. परंतु साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आता फ्यूज राहिलेला नसतो, डॅशबोर्डमागची वायर तो झालेली असते. गाडीच्या मूळ रचनेत असे परस्पर फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई केली आहे, हे या व्यवहारात कुणालाच आठवत नाही.

फ्यूज तपासण्याची रीत आज ट्रेव्हिथिकच्या डाटापेक्षा कितीतरी सोपी आहे. इंजिन बंद करून किल्ली काढायची. एक पेटी बहुधा सुकाणूखाली असते, दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा गाडीच्या पुस्तिकेत नकाशा असतो. पेटीतच अडकवलेल्या प्लास्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढायचा आणि उजेडात धरायचा. आतील पट्टी अखंड असेल, तर दोष दुसरीकडे. ती तुटलेली वा काळवंडलेली असेल, तर त्याच रंगाचा, त्याच आकड्याचा नवा बसवायचा. फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे ठेवलेले असतात, ते मीटर किंवा टेस्ट लॅम्प टेकवण्यासाठी. पण त्या चाचणीत मात्र किल्ली चालू लागते.

नवा फ्यूज बसवताक्षणी उडाला, तर तार कुठेतरी उघडी पडून लोखंडाला टेकली आहे. काही मिनिटांनी उडाला, तर भार मर्यादेहून थोडा जास्त आहे. मर्यादेच्या दुप्पट प्रवाह फ्यूज काही सेकंदांत तोडतो, किंचित जास्त प्रवाहाला मात्र मिनिटे देतो. उडायला लागलेला वेळ हीसुद्धा मिस्त्रीसाठी खूण असते. दोन्ही वेळा मोठा फ्यूज हे उत्तर नव्हे. आणि हे सारे समृद्धीच्या कडेला उभे राहून करण्याचे काम नाही. तिथे चारही इंडिकेटर लावून, मागे लाल त्रिकोण ठेवून, माणसांनी लोखंडी कठड्यापलीकडे थांबायचे. किल्ली काढल्यावरही ते इंडिकेटर लुकलुकत राहतात, कारण त्यांची वाट बॅटरीपासून थेट, स्वतःच्या फ्यूजमधून ठेवलेली असते.

रंगांची भाषा आखणाऱ्यांनी एक दार मात्र उघडे ठेवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत सीमेन्सने घरगुती फ्यूजसाठी अशी रचना केली होती, की प्रत्येक आकड्याच्या फ्यूजचे टोक वेगळ्या जाडीचे. लहान आकड्याच्या खोबणीत मोठा फ्यूज शिरूच शकत नसे. मोटारीच्या पात्यांच्या फ्यूजमध्ये तसे काही नाही. एका मापाचे सगळे फ्यूज एकसारखे, लालच्या खोबणीत हिरवा सहज बसतो. दोघांच्या मध्ये उभा असतो तो फक्त झाकणावरचा नकाशा, आणि कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावच्या एखाद्या गॅरेजात चिमटा धरलेला हात.